मिरगाआधीची बेगमी: मालवण किनाऱ्याचा पावसाळा

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर वर्षाचे दोन भाग पडतात. समुद्र उघडा असतो तो एक आणि समुद्र बंद असतो तो दुसरा. मे महिन्याच्या अखेरीस नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, लाटा फुटण्याची रेषा किनाऱ्यापासून आत सरकते आणि बंदरांच्या तोंडाशी गलबत घालणे जिवावरचे होते. तिथून नारळी पौर्णिमेपर्यंत विजयदुर्गापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा समुद्राकडे पाठ करून जगतो. पश्चिमेकडून येणारे बाष्प पुढे सह्याद्रीच्या कड्याला अडते. किनारपट्टीवर वर्षाकाठी दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर कड्यावरच्या आंबोलीत तो सात हजारांच्या पुढे जातो. जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे असतात, आणि जांभ्याच्या कातळात पाणी ठरत नसल्यामुळे त्याच गावांना एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

एवढ्या टोकाच्या हवामानात एक गोष्ट माणसांच्या बाजूची होती: ते ठरल्या वेळी येई. रोहिणी, मृग (इथल्या बोलीत मिरग), आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशा नक्षत्रांच्या क्रमाने पावसाची चाल इथल्या लोकांना ठाऊक होती आणि घर, होडी, शेत, स्वयंपाकघर यांची कामे त्या क्रमाला बांधलेली होती. मालवण किनाऱ्याचा हवामानाशी असलेला संबंध या वेळापत्रकातूनच उलगडतो. त्या संबंधातील मोठी संकटेही समजतात ती वेळापत्रक चुकवून आलेल्या वाऱ्यांमुळे.

या भागाचा लिखित इतिहाससुद्धा उघड्या समुद्राच्या महिन्यांत घडलेला आहे. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या काळात गोव्याची नाकेबंदी करणारी त्यांची आरमारे पावसाळा सरल्यावर येत आणि पुढचा पाऊस लागण्याआधी निघून जात. त्यांना शिधा आणि पाणी पुरवण्याचे काम वेंगुर्ल्याकडे होते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, म्हणजे समुद्र निवळल्यावर. शिवाजी महाराजांची बसरूरची सागरी मोहीम मालवणहून निघाली ती फेब्रुवारी १६६५ मध्ये. इंग्रजांनी विजयदुर्ग जिंकून आंग्र्यांचे आरमार जाळले, तो महिनाही फेब्रुवारीच होता, साल १७५६. जून ते ऑगस्ट या काळात इथे कोणी कोणाशी समुद्रावर लढाई केल्याचे क्वचितच आढळते. पावसाळा सगळ्यांनाच सक्तीचा तह करायला लावी.

पावसाळ्यात आरमाराचे काय करायचे, हा मराठी राज्यकर्त्यांपुढचा नेहमीचा प्रश्न होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात त्याचे उत्तर सापडते. समुद्र खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी आरमार छावणीला आणावे, छावणी जलदुर्गाच्या आश्रयाला करावी, आणि दरसाल एकाच बंदरात न करता बंदरे बदलावीत, म्हणजे एकाच भागातील रयतेवर भार पडत नाही, असा त्या सूचनांचा आशय आहे. पर्जन्यकाळात किल्ल्यावरच्या तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, दारूगोळा वरचेवर उन्हात टाकून कोरडा ठेवावा, याही सूचना त्यात आहेत. राज्यकारभारावरच्या ग्रंथात गंजाची आणि ओलीची एवढी फिकीर आढळते, यावरून या हवामानाचा धाक किती होता ते कळते. जहाजे आत घेण्यासाठी नैसर्गिक आसराही होताच. विजयदुर्गाच्या मागे वाघोटन खाडी खोलवर आत शिरते, आणि तिथेच गिर्ये गावाजवळ खडक खोदून केलेली आंग्रेकालीन गोदी अजून पाहता येते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तळ उघडा पडतो, मग डागडुजी करायची, असा तिचा उपयोग होता.

आरमाराने जे मोठ्या प्रमाणावर केले तेच गाबीत, खारवी आणि भंडारी कुटुंबांनी आपल्या होड्यांबाबत केले. मेच्या अखेरीस होड्या ओंडक्यांवरून ओढत भरतीच्या रेषेपार माडांखाली आणायच्या, तळाला चिकटलेले कालवे-शंख खरवडायचे, माशाच्या तेलाचा हात द्यायचा आणि माडाच्या झापांची खोप उभारून होडी झाकून टाकायची. उलांडीची, म्हणजे तोल सांभाळण्यासाठी बाजूला लाकूड बांधलेली, होडी असेल तर उलांडी सोडवून वेगळी ठेवली जाई. रापणीची जाळी धुऊन, वाळवून, माळ्यावर चढत. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी; ती एकट्याच्या मालकीची नसते, वाडीची असते, आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने होतात. त्यामुळे पावसाळ्यातली जाळ्यांची दुरुस्ती हेही सामूहिक काम होते. पावसाळाभर पडवीत बसून जाळे विणणारी माणसे हे मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या भागांतले नित्याचे दृश्य होते.

घराची तयारी त्याआधीच सुरू होई. इथले जुने घर जांभ्याच्या चिऱ्याचे किंवा मातीच्या भिंतींचे. जांभा खाणीतून काढताना कापायला सोपा जातो आणि हवा लागून घट्ट होतो. म्हणून किनाऱ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत तोच मुख्य दगड झाला. तो पाणी मात्र शोषून घेतो. जोते उंच ठेवणे, छप्पर उतरते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके पुढे काढणे, पडवी चारी बाजूंनी फिरवणे, हे सगळे त्या ओलीवरचे उपाय होते. खाली झुकलेले छप्पर वाऱ्याला अंग कमी देते, हा दुसरा फायदा. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर वादळांची ये-जा असते. तिथेही जुनी घरे बुटकी आहेत, कौले चुन्याने पक्की केलेली असतात आणि भोवती दगडी गडगा व दाट झाडी असते. दोन्हीकडच्या गवंड्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, तरी वाऱ्याने त्यांना सारखेच शिकवले.

छपरावर पूर्वी गवत किंवा झाप असत, सधन घरांवर नळ्याची कौले. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करावी लागे: कुजलेले गवत काढून नवे घालायचे, वाशांना कीड लागली आहे का ते पाहायचे, नळे परतायचे. वानरांनी आणि मांजरांनी सरकवलेले एखादे कौल नजरेतून सुटले तर ते पहिल्या सरीला समजे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत गलबतांतून मंगलोरी कौले कोकणाच्या बंदरांवर उतरू लागली. ती एकमेकांत अडकून बसत आणि नळ्यांइतकी निसटत नसत. कोकणी घराच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे. भिंतींसाठी मात्र झापच कामी येत राहिले. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला पडवीच्या खांबांना विणलेल्या झापांच्या झडी बांधत. खळ्यातला मांडव मोडून त्याचे बांबू आत घेत. सरपणाची लाकडे आणि शेणी पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवत, कारण आषाढात ओले लाकूड पेटत नाही आणि चूल न पेटणे ही भुकेइतकीच मोठी अडचण होती. दिव्याला उंडीचे कडू तेल असे. ही उंडीची झाडे किनाऱ्यालाच वाढतात आणि वाराही अडवतात.

स्वयंपाकघराची बेगमी हा या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग आहे. चार महिने बाजार, बंदर आणि कधी कधी शेजारचे गावही हाताबाहेर जाणार हे धरून ती केली जाई. भाताची कणगी भरलेली आहे की नाही हे आधी पाहिले जाई. बियाणे वेगळे काढून गवताच्या मुडीत घट्ट बांधून ठेवत. मुडी धुराजवळ राहिली की तिला ओल लागत नसे, कीडही लागत नसे. कुळीथ भाजून, दळून त्याची पिठी करून ठेवत. पाऊस कोसळत असताना भात आणि कुळथाची पिठी एवढ्यावर दिवस निघत. रातांब्यांची सोले वाळवून आणि आगळ काढून बरण्यांत भरले जाई. आंब्याची साठे उन्हात घालत, फणसाच्या आठळ्या राखून ठेवत. सांडगी मिरच्या आणि लोणची ही तर होतीच.

या बेगमीचा कणा होता सुकी मासळी. मार्च ते मे या महिन्यांत किनाऱ्याच्या वाळूवर जवळा, सुकट आणि छोटी मासळी पसरलेली असे. बांगडा चिरून, मिठाच्या थरांत दाबून खारवला जाई. त्यासाठी लागणारे मीठ जवळच पिके. शिरोड्याची मिठागरे डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत चालत. नंतर वाफ्यांत गोडे पाणी शिरे आणि मीठ पिकणे बंद होई. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो हंगामाच्या अखेरच्या दिवसांतला आहे. मिठावरचा कर इथल्या घरांना का झोंबत होता हे खारवलेल्या बांगड्याकडे पाहिले की लक्षात येते: मीठ महाग होणे म्हणजे पावसाळ्यातले कालवण महाग होणे. ज्यांना मीठ आणि मासळी दोन्ही घाटावरच्या व्यापाऱ्याला विकावी लागे, त्यांच्या घरी आषाढात उसनवारी सुरू होई. बेगमी ही ऐपतीप्रमाणे होते. कर्जावर जाळे घेतलेल्या कुटुंबाला ती कधीच पुरी पडत नसे. जुन्या कोकणाच्या आठवणी लिहिताना ही बाजू सोडून दिली जाते, ते योग्य नाही.

साठवलेल्याला ताज्याची जोड पावसातूनच मिळे. पहिल्या मुसळधार सरींनंतर नदी-ओहोळांतून शेतांकडे चढणारे मासे, म्हणजे चढणीचे मासे, पकडायला अख्खी वाडी रात्री बाहेर पडे. शेतांच्या बांधांवर कुर्ल्या मिळत. टाकळा, भारंगी, फोडशी, अळू आणि पुढे अळंबी या रानभाज्या पैशाविना ताटात येत. खाडीच्या आतल्या शांत पाण्यात पाग टाकून मासेमारी चाले. समुद्र बंद झाला तरी खाडी पूर्ण बंद होत नसे, आणि गरीब घरांना याच पाण्याने तारले.

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या कुटुंबांसाठी हा काळ आणखी कडक होता. किल्ला मालवणच्या किनाऱ्यावरून स्पष्ट दिसतो, पण उधाणात मधले पाणी पार करता येत नाही. तटाच्या आत राहणाऱ्या मोजक्या घरांना पावसाळ्याचा शिधा आधीच भरून ठेवावा लागे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरींमुळे निदान पाण्याची चिंता नव्हती. किल्ल्याची प्रवासी होडी-वाहतूक आजही मेअखेरीस थांबते.

शेतीचे गणित मृगावर बसवलेले होते. राब भाजून तरवा, म्हणजे भाताची रोपे, पेरायचा, तो वाढला की लावणी. अंगावर घोंगडी नाहीतर बांबूच्या काड्यांचे आणि पानांचे इरले घेऊन बायका-पुरुष दिवसभर चिखलात वाकत. मिरगाला शेताच्या राखणदाराला कोंबडा देण्याची रीत सिंधुदुर्गात अजून पाळली जाते. खाडीकाठच्या खाजण जमिनींना दुहेरी धोका असे: वरून पुराचे गोडे पाणी, खालून भरतीचे खारे. त्यासाठी खारबांध घालून त्यात उघाडी ठेवत. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर जाई आणि भरतीला ती मिटे. बांध फुटला तर एका रात्रीत आत आलेले मीठ पुढची काही वर्षे पीक येऊ देत नसे, म्हणून बांधाची राखण हे गावाचे काम मानले जाई. ओहोळांवर दरवर्षी नवे साकव, म्हणजे लाकडी पूल, बांधावे लागत. एखाद्या जोराच्या पुरात ते वाहून गेले की वाड्या पुन्हा तुटत.

कोरड्या महिन्यांसाठीची तरतूदही पावसातच करावी लागे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. विजयनगरच्या काळात, १५३० मध्ये, गावकऱ्यांच्या श्रमांतून मातीचा बांध घालून तो उभा राहिला. भगवती देवीचे देऊळ त्याच्या काठावर आहे. तलावाचे पाणी धामापूर आणि काळसे भागातल्या शेतांना आणि बागांना मिळत आले आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत स्थान दिले. पावसाची कमतरता नसलेल्या मुलखात लोकांनी पाचशे वर्षांपूर्वी तलाव बांधला, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते.

वेळेवर येणाऱ्या पावसापुढे ही व्यवस्था टिकली. तिचा पराभव झाला तो अवेळी येणाऱ्या वादळांपुढे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ आहेत: मोसमी पाऊस सुरू होण्याच्या आसपासचा मे-जून आणि तो परतल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसऱ्या काळात होड्या समुद्रात असतात, रापणी सुरू असतात, भात कापणीला आलेले असते. नक्षत्रांच्या हिशेबात या वादळांना जागा नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकण किनाऱ्यावरच्या दोन आगबोटी एकाच वादळात बुडाल्या. समुद्र बंद असण्याच्या काळातली मोठी दुर्घटना ‘रामदास’ बोटीची: १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणच्या दूरच्या बंदरांना जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंदच असत. गणेश चतुर्थीला मुंबईहून गावी यायचे तर चाकरमान्याला कोल्हापूर किंवा बेळगावला रेल्वेने जाऊन घाट उतरावा लागे. ही गैरसोय किती शहाणपणाची होती हे ‘रामदास’ने दाखवून दिले.

अवेळी वादळाची सूचना देण्याचे काम हळूहळू सरकारी यंत्रणेकडे आले. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि पुढे बंदरांवर धोक्याचे बावटे चढवण्याची पद्धत रुळली. दिवसा बावटा, रात्री दिवे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी मालवण किंवा देवगडच्या बंदरावरून वाडीवाडीत पोहोचे आणि होड्या थांबत. पण जी होडी आधीच दूर गेली आहे तिला किनाऱ्यावरचा बावटा दिसत नाही. रेडिओ, मग बिनतारी संच, मग मोबाइल, असा त्या उणिवेवरचा प्रवास झाला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हाही रत्नागिरी-सिंधुदुर्गचे अनेक मच्छीमार समुद्रात होते आणि त्यांतले कितीतरी परतले नाहीत. १९२७ मधल्या दुर्घटनेचीच तारीख, ब्याऐंशी वर्षांनी.

त्यानंतर वादळे लागोपाठ आली. ऑक्टोबर २०१९ मधले क्यार महाचक्रीवादळ भारताच्या किनाऱ्यावर आलेच नाही, तरी त्याच्या लाटांनी देवबाग परिसराला झोडपले आणि त्या महिन्यातल्या पावसाने कापणीला आलेले भात शेतातच कुजवले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या जवळून उत्तरेकडे सरकले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या बोटींचे दोर तुटले आणि खलाशांना जीव गमवावा लागला. माड आणि हापूसच्या बागा मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. शाकारणीचे आणि बेगमीचे दिवस मेच्या शेवटी येतात. वादळ त्यांच्या आधीच येऊन गेले. आंबे उतरवायचे होते, होड्या पाण्यात होत्या, मासळी वाळूवर होती.

देवबागची स्थिती वेगळीच नाजूक आहे. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्या मधल्या अरुंद वाळूच्या पट्टीवर हे गाव वसले आहे. पूर्वी मर्यादवेल, केगद आणि माड ही वाळू धरून ठेवत, आणि घरे किनाऱ्यापासून मागे होती. आता दगडी धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागतात. बंधारा त्याच्यामागची घरे वाचवतो, पण लाटेचा मारा पुष्कळदा बंधारा संपतो तिथे जाऊन वाढतो. झाडी राखणे आणि किनाऱ्यापासून अंतर ठेवणे हा जुना उपाय अधिक टिकाऊ होता.

डोंगराकडच्या बाजूलाही जुन्या शहाणपणाकडे परत यावे लागले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुली झाली आणि पावसाळ्यात तुटणारा मुलूख बारमाही जोडला गेला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आल्याने गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. त्यानंतर डोंगरउताराच्या हालचाली टिपणारी यंत्रे, दगड पडल्यास इशारा देणाऱ्या तारा आणि गस्त यांवर भर आला, आणि पावसाळ्यात वेग कमी ठेवून वेगळ्या वेळापत्रकाने गाड्या चालवण्याचा नियम काटेकोर झाला. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक हवे, या जुन्या तत्त्वाकडे आधुनिक रेल्वेलाही यावे लागले.

समुद्रावर ते तत्त्व आता कायद्यात आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखालची पावसाळी बंदी पूर्वी नारळी पौर्णिमेशी जोडलेली होती. अलीकडे ती महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. यांत्रिक नौकांना ती लागू आहे, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना नाही. मालवणला मात्र नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, बाजारपेठेत नारळ लढवण्याचे खेळ रंगतात, आणि हंगाम खरा तिथूनच धरला जातो. तिच्याआधी अधिक मास आला की ही पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस जाते. २०२३ मध्ये ती ३० ऑगस्टला होती. कायद्याची तारीख आणि परंपरेची तारीख यांत मग महिनाभराचे अंतर पडते. १ ऑगस्टला खवळलेल्या समुद्रात मोठ्या ट्रॉलरना निदान आपल्या यंत्राचा आधार असतो. छोट्या होडीला तो नसतो, तरी मोठ्यांच्या मागे राहायचे नाही म्हणून तीही निघते. या दोन तारखांपैकी जी उशिराची असेल ती सर्वांनी पाळावी; माशांच्या विणीसाठी आणि खलाशांच्या जिवासाठी तेच हिताचे आहे.